मास्टरांचं गाणं आणि राजेसाबची घोडी

टांगेवाल्या राजेसाबकडं ना ग्रामोफोन होता ना रेकॉर्डी. पण मास्टर चिंतामणींची पदं साऱ्या सोलापुरात त्याच्याइतकी पाठ दुसऱ्या कुणाला नसतील. स्टेशनासमोरच्या हॉटेलात त्यांची रेकॉर्ड लागली, की राजेसाबच्या हातातला चहा निवून जायचा. मास्टर कुठं दम घेतात, सूर सोडता सोडता पुन्हा कुठं धरतात, सगळं त्याला ठाऊक. टांग्यात गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी पद संपेपर्यंत टांगा हलायचा नाही. गिऱ्हाईक तणतणायचं आणि हा डोळे मिटून म्हणायचा, "जरा थांबा की साहेब, अंतरा चाललाय."

मास्टरांचा लौकिकही तसाच. वर्तमानपत्रवाले त्यांना करुणामूर्ती म्हणत. नाटकाच्या जाहिरातीत ते वासराच्या गळ्यात हात टाकून उभे असत. इतका हळवा गळा असलेला माणूस मुंगीलाही दुखवणार नाही, अशी राजेसाबची खात्री होती. भोळाच तो! आंबा गोड म्हणून झाडाच्या सालीलाही चावा घेणाऱ्यातला.

एका रविवारी सकाळच्या गाडीनं मास्टर सोलापुरात उतरले. दुपारी त्यांच्या नाटकाचा खेळ होता. टांग्यांच्या रांगेत नंबर नेमका राजेसाबचा. त्यानं गादी दोनदा झटकली, वाकून सलाम केला आणि मास्टरांना पुढं आपल्या शेजारी बसवलं. वाटेत गिरणीकडं जाणाऱ्या कापसाच्या गाड्या आडव्या आल्या, तशी त्याची घोडी हरणी शहाण्यासारखी थांबली. मास्टरांनी हातातली काठी उचलली आणि तिच्या पाठीवर सपकन ओढली. एकदा नाही, तीनदा.

"आळशी जनावर! आणि तू काय बघतोस रे? हाक!"

राजेसाबनं हरणीला आजवर चाबूक दाखवला होता, लावला कधी नव्हता. त्यानं मास्टरांना थिएटराशी सोडलं आणि टांगा माघारी आणला. हरणीच्या पाठीवर वळ उठले होते. ते बघून शेजारचा टांगेवाला मल्लप्पा उडालाच.

"कुनी मारलं बे हिला?"

राजेसाबनं सांगितलं. तासाभरात सगळ्या टांगेवाल्यांचं ठरलं. मल्लप्पा म्हणाला, "दुपारी समदे पिटात बसू, सस्त्या तिकिटात. त्यानं पद सुरू केलं की तू शिट्टी मार, फुडचं आमी बघतो. खेळ चालू द्यायचा न्हाय."

"व्हय," राजेसाब म्हणाला. राग तर होताच, पण त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. आपलं म्हणावं असं त्याच्यापाशी होतं काय? ही घोडी आणि ही पदं. ती पदं आता पुन्हा कधी गोड लागायची नाहीत.

पिट गच्च भरलं. मास्टर रंगभूमीवर आले, ऑर्गनचा सूर लागला. मल्लप्पानं कोपरानं ढोसलं. राजेसाबनं दोन बोटं तोंडात घातली.

मास्टरांनी पद उचललं. रेकॉर्डवर ते तीन मिनिटांत उरकायचं, इथं त्यांना कसली घाई नव्हती. एकेक शब्द ते असे हळुवार ठेवत होते, की जणू फुंकरीनंही दुखेल. अंतऱ्यात एक जागा होती, तिथं रेकॉर्डवर मास्टर दम घेत. आज त्यांनी घेतलाच नाही. सूर वर गेला, आता तुटेल आता तुटेल म्हणता आणखी वर गेला, आणि अलगद समेवर येऊन बसला. राजेसाबची बोटं तोंडातून कधी निघाली ते त्याला कळलं नाही. असं गाणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. सगळे टांगेवाले त्याच्याकडं बघत असताना तो उठून उभा राहिला आणि ओरडला, "वन्स मोअर!"

अख्खं पिट त्याच्यामागून ओरडू लागलं.

"हेच ठरलं हुतं का बे?" मल्लप्पानं त्याची बाही ओढली.

राजेसाब डोळे पुसत होता. "मारलं ते हातानं, मल्लप्पा. गळ्यानं काय वाईट केलंय?"

संध्याकाळच्या गाडीसाठी मास्टर थिएटरबाहेर आले, गळ्यात हार तसेच. दारात पहिला टांगा राजेसाबचाच. सकाळचा टांगेवाला ध्यानात ठेवण्याचं मास्टरांना कारण नव्हतं. त्यांनी पायरीवर पाय ठेवला.

"मास्टर," राजेसाब हात जोडून म्हणाला, "तुमच्यासारखं गानारं दुसरं न्हाय. अल्ला ह्या गळ्याला लई आयुष्य देवो."

अशा बोलण्याची सवय असलेले मास्टर हसले. "बरं बरं. चल, स्टेशन."

"न्हाय."

"नाही म्हणजे?"

"तुमी पुन्यांदा आलासा तर मी उपाशी ऱ्हाऊन तिकीट काढीन. पन माझ्या घोडीच्या मागं तुमी बसायचं न्हाय. पाय खाली घ्या."

मास्टरांनी पाय खाली घेतला. मागं पाच टांगे उभे होते, त्यांच्याकडं ते वळले. मल्लप्पानं आभाळाकडं बघितलं आणि बाकीच्यांनीही. शेवटी करुणामूर्ती हार सावरत धुळीतून पायीच निघाले.

राजेसाबला त्यांची कीव आली, पण त्यानं हाक मारली नाही. त्यानं हरणीच्या मानेवरून हात फिरवला. दुपारचं ते पद आपसूक त्याच्या ओठांवर आलं, आणि तिच्यासमोर ते गुणगुणताना त्याला लाज वाटली नाही.