अंगठ्याचा खळगा

बचाव केंद्राच्या ओल्या फरशीवर समुद्रसिंहाची मादी मागचं अर्धं अंग ओढत सरकत होती. मोठे डॉक्टर कठड्याला टेकून म्हणाले, "जाळ्यात अडकून मार बसला असेल. सूज उतरायचं औषध दे, आठवडाभरात टुणटुणीत होईल."

त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टर पुढे आली. गुडघ्यांवर बसून तिने मादीच्या वल्ह्यासारख्या मागच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. मळलेल्या कणकेत राहावा तसा खळगा राहिला.

"मार नाही, सर. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ असणार. शिरा दाबल्या गेल्यात, म्हणून पायांत पाणी साठतंय. ठेवली तर नुसते हाल."

"एवढं सगळं पायावरून?"

"सोनोग्राफी करून बघा."

केली. गाठ होतीच, कण्यापर्यंत पोचलेली. दुपारी मादीला कायमचं झोपवलं. पोट उघडून पाहिल्यावर मोठे डॉक्टर हातमोजे उतरवत म्हणाले, "मानलं बुवा. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

ती नळाखाली सुरी धूत राहिली. सुरी केव्हाच स्वच्छ झाली होती.

तिची आई तशाच गाठीने गेली, त्याला दोन महिने होत आले होते. गेल्या वर्षी आईचे पाय सुजायला लागले, तेव्हा तिने एक माप मोठ्या चपला आणल्या होत्या. मऊ तळव्याच्या, चांगल्यातल्या. आई शेजारणीला पाय पुढे करून दाखवायची, "लेकीने आणल्यात." चपला काढल्या तरी पट्ट्यांचे वळ तासन्‌तास पायांवर तसेच असायचे. लेक समोर बसून समुद्रसिंहांच्या गाठींवरचे लेख वाचायची. "फार वेळ उभी राहू नकोस गं," एवढं म्हणून पान उलटायची.

घरी मावशी आईचं कपाट आवरत होती.

"अंगावरून जायचं तिच्या," घड्या घालता घालता मावशी म्हणाली. "या वयात. मला सांगितलं होतं तिने. लेकीला बोलू नकोस म्हणाली, ती बिचारी दिवसभर आजारी जनावरं बघते, घरी तरी सुखाने बसू दे."

"आणि तू बोलली नाहीस."

"मला वाटलं, तुला दिसत असेलच. तुझंच तर काम ना ते."

मावशीने दाराशी जाऊन चपला उचलल्या, उलट्यासुलट्या करून पाहिल्या. "नव्यासारख्याच आहेत गं. मला होतील. नेऊ?"

"ने. आधी पाय दाखव."

"तुझं आपलं काहीतरीच." पण मावशी स्टुलावर बसली आणि तिने पाय पुढे केला.

तिने मावशीच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला. खळगा पडलाच नाही.

"काय गं? ठीक आहे ना?"

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिथेच पुन्हा अंगठा दाबून बसली. दुखायला लागल्यावर मावशीनेच पाय ओढून घेतला.