बाबांचा चुकलेला अंदाज

ट्युनिशियातल्या सूस शहराच्या जुन्या वस्तीत आमची भट्टी आहे. गल्लीतल्या बायका घरून कणीक मळून आणतात, बाबा पाव भाजून देतात. चाळीस वर्षांत त्यांनी कधी घड्याळ बघितलं नाही. गप्पा मारता मारता मध्येच उठायचे, लांब दांड्याचं फावडं आत सरकवायचे, आणि पाव नेमका भाजलेला निघायचा.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली. आठ दिवसांत हातपाय, बोलणं सगळं पूर्ववत झालं. पण पाव कच्चे निघायला लागले आणि बिस्किटं करपायला लागली. शेजारच्या दलंदामावशींच्या लेकीच्या लग्नातल्या बिस्किटांची तर अख्खी परात कोळसा झाली.

"हसूना, लक्ष कुठे असतं रे तुझं? नवी बायको बघतोयस की काय?" मावशी सगळ्यांसमोर बाबांना म्हणाल्या.

बाबांनी परात उचलून बाजूला ठेवली. घरी आल्यावर मला म्हणाले, "वसीला, मी भट्टीसमोरून हललोसुद्धा नव्हतो गं."

मी त्यांना इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टर इनेसनी एक आवाज ऐकवला. "काका, आवाज जेवढा वेळ चालला तेवढाच वेळ हे बटण दाबून धरा. मनात आकडे मोजायचे नाहीत."

अर्धा तास तेच चाललं. बाबा घामाघूम झाले.

"छोटा आवाज तुम्ही लांबवता आणि मोठा लवकर सोडता," इनेस म्हणाल्या. "सगळ्या वेळा तुम्हाला मधल्याच मापाच्या वाटतायत. म्हणून पाव लवकर निघतो आणि बिस्किटं जास्त वेळ आत राहतात."

"म्हणजे मी बेफिकीर झालो, असं नाही?"

"नाही काका. लक्ष होतं. आतलं मापच हललंय."

बाबांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच मावशींच्या दारात गेले आणि सगळं सांगितलं.

"मग आधी सांगायचंस ना, मेल्या! मी गल्लीभर तुला नावं ठेवत फिरले!" मावशींनी डोळे पुसले, पुन्हा पीठ मळलं आणि परात घेऊन, वेळ सांगायला म्हणून भट्टीसमोर स्टुलावर येऊन बसल्या.

"काढ."

"आत्ता तर घातली!"

"काढ म्हणते ना!"

बिस्किटं कच्ची, पांढरीशुभ्र निघाली. बाबांनी एक मोडून अर्धं त्यांना दिलं.

आता सकाळी वेळ सांगायला आई त्या स्टुलावर बसते. ती फार घाई करते, अशी बाबांची तक्रार आहे. तरी तिनं हाक मारली की ते निमूट उठतात.