बारा वर्षांचे शांतारामकाका

रविवारची उपासना संपली. सभासदांची सभा अजून सुरूही झाली नव्हती आणि हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. दारात टेबल मांडून बसलेला सेक्रेटरी जयदीप शांतारामकाकांना आत सोडेना. पाठीत वाकलेला, काठी टेकत सरोजिनी नगरहून ऑटोनं आलेला हा माणूस, आणि जयदीप त्यांना बेधडक सांगतो, "काका, लिस्टमध्ये तुमचं वय बारा आहे. अठराच्या आतल्यांना व्होट नाही."

काकांना आधी थट्टाच वाटली. मग ते मुकाट्यानं बाजूच्या बाकावर जाऊन बसले. कानकोंडं हसत बसले, आणि ते हसणंच हेमलताला सहन होईना.

निवृत्त झाल्यापासून चर्चच्या ग्रंथालयातल्या जुन्या नोंदवह्या तीच सांभाळायची. कडुलिंबाचा पाला घालून, मलमलीत बांधून तिनं त्या कसरीपासून जपल्या होत्या. त्या नोएडाच्या एका कंपनीला स्कॅन करायला दिल्या, तर त्या शहाण्यांनी स्कॅनमधून पानाच्या कडेचा वयाचा रकाना गाळून टाकला आणि बाप्तिस्म्याची तारीख तीच जन्मतारीख म्हणून चढवली. का, तर दुसऱ्या चर्चमध्ये तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देतात. अरे, पण हे बॅप्टिस्ट! इथे कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वासाची साक्ष दिल्याशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही. शांतारामकाका तर बारा वर्षांपूर्वी, सत्तरी उलटल्यावर उतरले होते. एक फोन करून विचारायला कुणाची जीभ झिजणार होती? हिनं ईमेलवर ईमेल केले. "सिस्टम में ऐसा ही आता है, मॅम," एवढंच उत्तर.

आणि आजची सभा कशासाठी? तर स्कॅन झालं, आता मूळ वह्या रद्दीत द्यायच्या का, हे ठरवायला. अध्यक्ष सूर्यकांतरावांना त्या खोलीत एसी बसवून मीडिया रूम करायची होती. ठराव पास होणारच म्हणून त्यांनी वह्या आधीच खोक्यांत भरून व्हरांड्यात आणून ठेवल्या होत्या. हेमलताला ती खोकी पाहवत नव्हती.

ती तडक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "सूर्यकांतराव, काकांना बाहेर बसवलंत?"

"ताई, प्लीज. कम्प्युटरची यादी आहे. रूल म्हणजे रूल."

"आपल्याकडे बिशप नाही, वरून हुकूम नाही. मंडळीतल्या प्रत्येकाचा हात सारखाच मोजायचा, हीच आपली रीत ना? आणि तुम्ही यादीलाच बिशप करून ठेवलंत!"

"अच्छा, नंतर बोलू. चलो जयदीप, सुरू करा."

नंतर! हेमलतानं जयदीपच्या टेबलावरची यादी उचलली. तिनं पानं उलटली आणि एका नावावर बोट ठेवलं. सूर्यकांतरावांना देव आठवला आणि ते पाण्यात उतरले ते बायपासनंतर, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. अध्यक्षांना दारात वय विचारणार कोण?

"बिल्कुल, रूल म्हणजे रूल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सूर्यकांतराव, तुम्ही सोळा वर्षांचे आहात. खुर्ची सोडा आणि काकांशेजारी जाऊन बसा."

मागच्या बाकांवर हशा पिकला. सूर्यकांतरावांचा चेहरा लालबुंद झाला.

"काय पोरखेळ आहे हा? माझी नातवंडं शाळेत जातात! जयदीप, मूळ रजिस्टर काढा. त्यात माझं वय लिहिलंय, खाली माझी सही आहे!"

जयदीप जागचा हलला नाही. त्यानं नुसतं व्हरांड्याकडे पाहिलं. सुतळीनं आवळलेल्या खोक्यांवर मार्करनं मोठ्या अक्षरांत 'रद्दी' लिहिलेलं होतं, आणि अक्षर सूर्यकांतरावांचंच होतं.

"काढा ना," हेमलता म्हणाली. "गाठी तुम्हीच मारल्यात."

कुणीही मदतीला उठलं नाही. अध्यक्ष व्हरांड्यात गुडघे टेकून नखांनी सुतळी सोडवू लागले. शांतारामकाका काठी टेकत त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"सापडलं की माझंही वय बघा हं," ते म्हणाले. "मी थांबतो."