दाराबाहेर चपला, आत कोणी नाही

नऊवारी लुगडं मीटरमध्ये मोजलं तर साधारण सव्वाआठ भरतं.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर लाल बादली. बादलीत वाळू. वाळूत सिगारेटची थोटकं.

जर्मनमध्ये ‘जा’ म्हणजे हो.

रेगेन्सबर्गच्या जुन्या गावात एक दगडी कमान आहे. तिच्याखालून दुधाची गाडी जाते, कोळशाची जाते, मयताची जाते. बंबाची शिडीवाली गाडी जात नाही.

कोल्हापुरी चपला. डाव्या पायाचा अंगठा सुतळीने शिवलेला.

रविवारी इथे कोणी कपडे वाळत घालत नाही.

कौलावरचं कबुतर उडून जाऊ शकतं, म्हणून तिथे बसून राहतं.

हे सगळं एकाच खोलीबद्दल आहे.

*

खोली फ्राउ विटलच्या घराच्या टोकाला, पाचव्या मजल्यावर, कौलांखाली. कागदोपत्री ती खोली नव्हती, श्पाइशर होती. श्पाइशर म्हणजे माळा. मोडक्या खुर्च्या, सफरचंदांच्या पेट्या आणि मेलेल्या नवऱ्याचे कोट ठेवायची जागा. फ्राउ विटलने खुर्च्या आणि पेट्या एका बाजूला रेटल्या, मध्ये पलंग आणि कोळशाची लहान शेगडी ठेवली, आणि १९६३ च्या ऑगस्टमध्ये ती जागा भास्कर खांबेटेला दिली. भास्कर पॉलिटेक्निकममध्ये विजेच्या यंत्रांचं शिकत होता. शेवटचं वर्ष. जुलैत परीक्षा. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि बायको नुकती मिरजेहून आली होती. इतर घरमालकिणी दार उघडायच्या, तोंड बघायच्या आणि खोली आत्ताच गेली म्हणायच्या. फ्राउ विटलने तोंड बघूनही दार उघडं ठेवलं होतं. भास्कर हे विसरायला तयार नव्हता.

कुसुमला मात्र पहिल्या दिवसापासून त्या खोलीत बसवेना. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून दार, दारापासून शेगडी. शेगडीचं झाकण बघायचं. परत खिडकी. मिरजेच्या घराला तीन दारं होती. पुढचं, परसातलं, आणि गोठ्याकडचं, जे कोणी वापरत नसे. घर म्हटलं की तिच्या मनात आधी दारं यायची, भिंती नंतर.

‘अहो, खालून जिना पेटला तर?’

‘जिना कशाला पेटेल?’

‘लाकडी आहे.’

‘चारशे वर्षं लाकडीच आहे. पेटला का आजवर?’

‘म्हणजे चांगला वाळलाय.’

भास्कर हसला. ती हसली नाही. उठून शेगडीचं झाकण बघून आली.

*

चपलांचं.

शौचालय अर्धा मजला खाली होतं, जिन्याच्या वळणावर. तिथे जायला कुसुमने कोल्हापुरी ठेवल्या होत्या. परत आली की त्या दाराबाहेर काढायची आणि आत यायची. चपला घालून खोलीत जायचं हे तिच्या पायांना जमतच नव्हतं. त्यात एका कोनाड्यात पितळेची अन्नपूर्णा.

फ्राउ विटल गुडघे धरत वर यायची, फक्त ते सांगायला.

‘फ्राउ काम्बेट. जिन्यात वस्तू नको. जिना रिकामा पाहिजे. आग लागली, लोक पळाले, पाय अडकला, पडले. फॉयरपोलित्साय, आगीचे पोलीस, मला विचारणार.’

‘जा, जा,’ कुसुम म्हणायची. एवढं येत होतं. आणि चपला आत घ्यायची. दुसऱ्या दिवशी परत बाहेर.

‘बेट म्हणजे पलंग ना हो?’ तिने भास्करला विचारलं. ‘ही मला रोज पलंग म्हणते.’

‘तिला खांबेटे म्हणता येत नाही.’

‘पलंग तरी मोकळा असतो. माणसं उठून जातात त्याच्यावरून.’

*

एका रविवारी दुपारी भास्कर मित्राकडून परत आला. खोलीची खिडकी सताड उघडी, थंडी आत, आणि कुसुम खिडकीत ओणवी. पलंगाच्या पायाला तिच्या आईचं हिरवं लुगडं बांधलेलं. थंडीत गोधडीवर पांघरायला म्हणून आईने दोन लुगडी बरोबर दिली होती. हिरवं खिडकीतून खाली सोडलं होतं.

‘काय चाललंय?’

‘दुसऱ्या मजल्याच्या वरच संपतं,’ ती म्हणाली. मागे न बघता.

‘कुसुम.’

‘दुसरं जोडलं तर पोचेल. पण गाठीला किती जातं ते बघायचंय. तुम्ही इंजिनिअर ना, गाठीला किती धरायचं?’

‘आल्झो, म्हणजे हे बघ. आग लागली तर बंब येतो. बंबाला शिडी असते. शिडी खिडकीला लागते. तू उतरतेस. इथे सगळं ठरलेलं असतं.’

‘बंब येतो कुठून?’

‘कमानीतून.’

ती वळली. ‘तुम्ही कमान बघितलीय?’

त्याने कमान रोज बघितली होती. रोज तिच्याखालून सायकल काढली होती.

तेवढ्यात खालून, चौकातून, हाक आली. हेर काम्बेट. फ्राउ विटल खिडकीतून लोंबणाऱ्या त्या हिरव्या कापडाकडे मान वर करून बघत होती.

‘आज रविवार आहे. रविवारी कपडे वाळत घालत नाहीत. शेजारी काय म्हणतील?’

‘कपडे नाहीत ते,’ भास्कर वरून म्हणाला.

‘मग काय आहे?’

याचं जर्मन त्याच्याकडे होतं. त्याने ते वापरलं नाही. ‘माफ करा,’ म्हणाला आणि लुगडं ओढून घेतलं. दमट भिंतीला घासून ओलं झालेलं टोक कुसुमने शेगडीपासून लांब, खूप लांब वाळत घातलं.

*

नोव्हेंबरात खालच्या दारावर छापील चिठ्ठी लागली. मंगळवारी फॉयरबेशाऊ. नगरपालिकेचा आगतपासनीस घरोघर येणार, तळघरापासून कौलांपर्यंत. गेल्या वर्षी राज्यात बांधकामाचा नवा कायदा आला होता. माणूस जिथे झोपतो तिथून निघायला दोन वाटा हव्यात. एक जिना. दुसरा जिना, किंवा बंबाची शिडी पोचेल अशी खिडकी.

फ्राउ विटल वर आली. या वेळी खुर्चीवर बसली.

‘मंगळवारी इथे कोणी राहत नाही,’ ती म्हणाली. ‘हेर काम्बेट शाळेत. तुम्ही स्टेशनवर जा, प्रतीक्षागृहात. तिथे शेगडी आहे. जेवायच्या वेळेला या. त्याने बघितलं तर ही खोली बंद. मी तुम्हाला ठेवू शकणार नाही. समजलं? मी ठेवेन म्हटलं तरी ठेवू शकणार नाही.’

भास्करने कुसुमला मराठीत सांगितलं.

‘मग कुठे जायचं?’ तिने विचारलं.

‘म्हणूनच तर. कुठेच नाही. डिसेंबरात कोण खोली देतं? जुलैपर्यंत काढायचंय. कळतंय ना तुला?’

‘कळतंय.’

‘आणि त्या चपला,’ फ्राउ विटल उठता उठता म्हणाली. तिला मराठी कळत नव्हतं, पण वळण कळत होतं. ‘त्या चपला नकोत.’

*

सोमवारी संध्याकाळी दोघांनी मिळून खोलीची खोली मोडली. पलंग उभा करून भिंतीला लावला. त्यावर चादर. शेगडी विझवून तिच्यावर सफरचंदांची पेटी. मसाल्याचे डबे मेलेल्या हेर विटलच्या कोटांमागे. अन्नपूर्णा रुमालात. गाद्या जमिनीवर घालून ते तशाच थंडीत झोपले.

‘आपण नसलो की खोली अशी दिसेल,’ कुसुम म्हणाली.

‘आपण नाहीच आहोत. एक दिवसापुरते.’

‘एक दिवसापुरतं ती खरी दिसतेय हो. श्पाइशर.’

‘झोप.’

‘शेगडी विझलीय म्हणून आज येईल झोप.’

*

मंगळवार.

कुसुम स्टेशनवर गेली. प्रतीक्षागृहात एक बाई लहान मुलाला सॉसेज भरवत होती. भिंतीवर पाटी होती, पळायची वाट दाखवणाऱ्या बाणाची. कुसुमने बाण कुठे जातो ते बघितलं. बाण दाराकडे जात होता. दुसऱ्या भिंतीवर दुसरा बाण, दुसऱ्या दाराकडे. ती थोडा वेळ मध्ये उभी राहिली. मग परत निघाली.

घरी पोचली तेव्हा फ्राउ विटल तळघरात होती आणि तिच्याबरोबर एका पुरुषाचा आवाज. कुसुम बूट हातात घेऊन वर गेली. आतून कडी लावली.

मग पावलं. पहिला मजला. वाळूच्या बादलीशी थांबली. ‘ही वाळू आहे की राखदाणी?’ फ्राउ विटलचं हसणं, जे हसणं नव्हतं. दुसरा. तिसरा. दारं उघडतात, लागतात. चौथा.

‘वर काही नाही,’ फ्राउ विटल म्हणाली. ‘श्पाइशर. धूळ. तुमचा कोट खराब होईल.’

‘कोट खराब व्हायलाच दिलाय.’

पावलं दारापाशी आली आणि थांबली.

‘या कोणाच्या?’ आवाज म्हणाला.

‘जुन्या असतील.’

‘अशा मी बघितल्या नाहीत कधी.’

‘माझा नवरा. त्याला प्रवासाचा नाद होता.’

‘लहान पाय होता तुमच्या नवऱ्याचा.’

मग त्या आवाजाने प्रश्न फ्राउ विटलला विचारला नाही. दाराला विचारला, हळू, जसं एखाद्या आजाऱ्याला विचारावं. ‘इथे कोणी राहतं का?’

दाराच्या आतून उत्तर आलं.

‘जा.’

आणि कडी निघाली. ती आतूनच काढता येत होती.

*

हेर आइग्नर, आगतपासनीस, उंच, एका कानाची पाळी भाजून आकसलेली. त्याने पलंगावरची चादर उचलली नाही. शेगडीवरची पेटी हलवली नाही. सरळ खिडकीपाशी गेला, ती उघडली, कठड्यावर पोट टेकून खाली बघितलं, मग कमानीकडे. दोन्ही हात पसरून गाडीची रुंदी दाखवली, मग हात जवळ आणून कमानीची. हातांमध्ये फरक दिसत होता.

‘जिना पेटला,’ तो कुसुमला म्हणाला, एकेक शब्द सुटा करून, ‘तर तुम्ही. कुठून. जाणार?’

तिने ट्रंकेतून लुगडी काढली. ट्रंक उघडीच होती. हिरव्याला जांभळ्याची गाठ मारून दाखवली, पलंगाचा पाय दाखवला, खिडकी दाखवली. हेर आइग्नरने कापड बोटांत धरलं. दोन झटके दिले. गाठ सरकली. त्याने मान हलवली, आणि तिला नवी गाठ शिकवावी तशी, त्याच कापडाची, त्याच्या पद्धतीची गाठ मारून दिली.

‘ही धरेल,’ तो म्हणाला. ‘पण शनिवारपासून इथे कोणी झोपायचं नाही.’

फ्राउ विटल दारातच होती. पायाशी चपला. त्यांच्याकडे ती अशी बघत होती, जसं कोणी कुत्रा आणून बांधलाय.

*

भास्कर घरी आला तेव्हा फ्राउ विटल तिच्या स्वयंपाकघरात बसली होती, बशीत न खाल्लेला बटाटा.

‘मी खोटं बोलले तुमच्यासाठी,’ ती म्हणाली. ‘मेलेल्या माणसाच्या नावावर बोलले. आणि तुमची बायको बाहेर चपला ठेवते. दुकानासारख्या. एकाशेजारी एक.’

‘आमच्याकडची सवय आहे,’ भास्कर म्हणाला. ‘घरात शिरताना पाय आपोआप चपला काढतात. तिच्या लक्षातच आलं नसेल.’

‘आणि “जा” म्हणाली. मी ऐकलं.’

‘आमच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे. निघून जा, असा. ती घाबरली असेल. त्याला जायला सांगत असेल.’

फ्राउ विटलने बटाट्याची बशी बाजूला सारली.

‘गेनाऊ, नेमकं उलटं,’ ती म्हणाली. ‘तुमची भाषा कशी चालते?’

*

शनिवारनंतर.

भास्करला कामगारांच्या वसतिगृहात एका खोलीत तिघांबरोबर खाट मिळाली. बायकांना तिथे मनाई. कुसुमला नन चालवत असलेल्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. पुरुषांना तिथे मनाई. रविवारी दुपारी ते दगडी पुलावर भेटायचे, डॅन्यूबवर, वाऱ्यात. बसायला कुठे नसायचं म्हणून चालायचे. पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

‘जेवण?’ तो विचारायचा.

‘बटाटे. तुमचं?’

‘बटाटे.’

एका रविवारी बर्फ भुरभुरत होता. चार महिने संसार झाला होता आणि आता सात महिने हे. भास्कर चिडला होता. कशावर ते सापडत नव्हतं. त्याच्या खाटेशेजारचा माणूस घोरतो म्हणाला. मग परीक्षेबद्दल. मग परत घोरण्याबद्दल.

‘तिकडे इमारतीला बाहेरून लोखंडी जिना आहे,’ कुसुम म्हणाली. ‘माझ्या खिडकीशेजारून जातो. सिस्टर आम्हाला महिन्यातून एकदा त्याच्यावरून उतरवतात. सगळ्या मुली हसतात.’

‘तू?’

‘मी पुढे असते.’

ते पुलाच्या टोकाला पोचले आणि वळले.

‘एक विचारू?’ भास्कर म्हणाला. ‘तू “जा” म्हणालीस ते कुठल्या भाषेत?’

‘आपल्या.’

‘म्हणजे तो तपासनीस बरोबर समजला नाही. मी तसंच सांगितलं फ्राउ विटलला.’

‘बरोबर समजला तो.’

‘मग जर्मनमध्ये म्हणालीस.’

‘तुम्ही भाषा विचारलीत,’ कुसुम म्हणाली. ‘कोणाला म्हणाले ते नाही विचारलंत. आत मी एकटीच होते.’

भास्कर थांबला. ती थांबली नाही, म्हणून त्याला चार पावलं घाईने टाकावी लागली. तिने शालीतून हात काढून त्याच्या कोटाच्या खिशात घातला. खिसा थंड होता. वसतिगृहाची घंटा साडेपाचला व्हायची आणि घंटेनंतर दार बंद. आत्ता किती वाजलेत हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही, पण दोघंही भराभर चालत होते.

‘झोप लागते का तिथे?’ त्याने विचारलं.

‘लागते,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला?’

‘घोरतो तो.’

‘अहो, जुलैत दोन दारांची बघा.’

*

त्या मंगळवारी सकाळी पॉलिटेक्निकमला निघण्यापूर्वी भास्करने कुसुमच्या चपला स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी, दोन्ही लुगड्यांच्या खाली ठेवल्या होत्या.