शेजारच्या सीटवरचं भूत

"सीटला हात लावायचा नाही. ती जागा त्याची आहे. मी येईपर्यंत लांब उभं राहायचं."

चावीबाबांची ही ताकीद वहिनींना पाठ झाली होती. म्हणून भर दुपारी दोनला इस्पितळाच्या आवारात व्हॅन पुन्हा रुसली, तेव्हा त्या निमूट खाली उतरल्या, बाबांना फोन केला आणि उन्हात हात जोडून उभ्या राहिल्या.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. औषधवाला तर दुकान अर्धं लोटून धावला. "सात वेळा बघितलंय मी!" तो नव्या प्रेक्षकांना सांगू लागला. "बाबा सीट उचलतात, पाणी शिंपडतात, मंत्र म्हणतात. अर्ध्या तासात गाडी सुरू!"

सीटवर कोण, तर वहिनींचे वर्षापूर्वी वारलेले यजमान. डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करणारी ही जुनी व्हॅन त्यांचीच. बायको गाडी कशी चालवते हे बघायला ते शेजारी येऊन बसतात, असं बाबांचं निदान. जिवंतपणी बिचारे बायकोच्या शब्दाबाहेर गेले नव्हते. मेल्यावर एवढा धीर कुठून आला, हे बाबांनी सांगितलं नाही. उपाय मात्र सांगितला: येत्या शनिवारी गाडी बाबांच्या मठात आणून सोडायची. कायमची.

गाडी गेली तर पेशंट येणार कसे? त्यातले शिंपीकाका तर आधीच घरी बसले होते. "भुताच्या मांडीवर बसून जाण्यापेक्षा घरीच मरतो," म्हणत त्यांनी दोन खेपा चुकवल्या. पाय सुजून खांबासारखे झाले. सकाळी त्यांची मुलगी फोनवर रडली, तेव्हा वहिनींनी शब्द दिला होता, "आज चारच्या पाळीला मी त्यांना आणते."

तेवढ्यात डायलिसिस आटपून, दंडाला पट्टी लावलेल्या बाई बाहेर आल्या. त्याही याच व्हॅनने ये-जा करणाऱ्या. निवृत्त विज्ञान-शिक्षिका. शरीर थकलं होतं, जीभ नव्हती.

"वहिनी, सकाळी गाडी कशी सुरू होते?"

"एका झटक्यात."

"भुताला सकाळची सुट्टी वाटतं! आता स्टार्टर फिरतो?"

"जोरात फिरतो, बाई. पण इंजिन पकडत नाही."

"म्हणजे बॅटरी ठीक. चालता चालता बंद पडते?"

"कधीच नाही. तापलेली गाडी दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली की मग. तेही उन्हाळ्यातच."

"हिवाळ्यात भूत गावी जातं!"

बाबा स्कूटरवरून उतरले. हातात पाण्याचा तांब्या, कपाळावर आठ्या. "आत्मा तापलाय! ग्रहांची ठिणगी हुकलीय!"

"तापलंय खरं," बाई म्हणाल्या. "पण बाबा, आज नुसता मंत्र म्हणा. सीट उचलू नका, पाणीही नको. शक्ती मंत्रातच आहे ना?"

गर्दीने माना डोलावल्या. बाबांचा नाइलाज झाला. मंत्र झाला, वहिनींनी चावी फिरवली. घर्र घर्र. काही नाही.

"नास्तिकाची सावली पडली!"

बाई गेटबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पुन्हा मंत्र, पुन्हा घर्र घर्र.

बाबा वहिनींकडे वळले. "मग तुझ्याच उपासनेत खोट आहे."

रोजचा नेम झाल्याशिवाय वहिनी पाण्याचा घोटही घेत नसत. त्यांनी आवाज चढवला नाही. "माझा नेम देवासाठी आहे, बाबा. पेट्रोलसाठी नाही."

आणि त्यांनी सीट उचलली.

"सर्वनाश होईल!" बाबा ओरडले. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. खाली इंजिन होतं. परत आलेल्या बाईंनी बोट दाखवलं. "हा पेट्रोलचा पंप. बाबांचं पाणी दर वेळी नेमकं इथेच पडायचं. मंत्र म्हणणाऱ्याला पंपाची जागा बरी ठाऊक!"

वहिनींनी बाबांच्या तांब्यात फडकं भिजवलं आणि पिळून पंपावर घातलं.

"आता कुठला मंत्र?" औषधवाल्याने विचारलं.

"सतराचा पाढा."

हसत हसत सगळ्यांनी सुरुवात केली. सतरा सातीला औषधवाला अडखळला, तेव्हा बाईंनी त्याला पहिल्यापासून म्हणायला लावलं. फडकं तीनदा भिजवलं. पंचवीस मिनिटांनी वहिनींनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं.

"गाडी थांबली की इंजिनाची धग या बंद पेटीत कोंडते," बाई म्हणाल्या. "पंपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलतो, वाफ ढकलू शकत नाही. थंड झालं की सगळं जागेवर. गॅरेजात पंप तपासून घ्या, पेट्रोलच्या पाइपाला धग लागू नये असं वेष्टण घाला. भूत परत यायचं नाही."

"मग मी सात वेळा पाहिलं ते?" औषधवाला कुरकुरला.

"सातही वेळा अर्धा तास थांबलास. त्यातून मंत्र वजा करून कधी पाहिलंस का? देवाला हवे तितके हात जोडा. पण कारण विचारल्याशिवाय कुणाला गाडी देऊ नका, डोकंही देऊ नका."

बाबा तांब्या विसरून कधी सटकले, कुणाला कळलं नाही. गर्दीत पंपावरून नवा वाद पेटला होता. घड्याळात सव्वातीन झाले होते.

बाई त्या सीटवर बसल्या. "चला. काकांना दाखवू, इथे मांडी कुणाचीच नाही."

वहिनींनी कुणाचा निरोप घेतला नाही. गिअर टाकला आणि व्हॅन हळूच शिंपीकाकांच्या गल्लीकडे वळवली.