फेब्रुवारीतला आयवर

आमच्याकडे आयवर सप्टेंबरात करतात. लाल ढोबळ्या मिरच्या पत्र्यावर भाजायच्या, सोलायच्या, घोटून बरण्यांत भरायच्या. आठवडाभर अख्खं गाव धुराने खोकत असतं. हे इथल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. फक्त ज्या कंपनीच्या ॲपवर गाव ग्रुप काढतं, तिला माहीत नाही.

म्हणून फेब्रुवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना, 'घरचा आयवर' नावाच्या ग्रुपवर पोस्ट आली: "शनिवारी पाच वाजता, झेय्नेलच्या बेकरीसमोर. मिरच्या आमच्याकडे आहेत. रिकाम्या बरण्या आणा. जोरात भाजू."

झेय्नेल म्हणजे माझा बाप. आम्ही गोरानी, डोंगरातले मुसलमान. बाबा सव्वीस वर्षं या सर्ब गावाला सकाळी गरम बुरेक, म्हणजे चीज नाहीतर खिमा भरलेली पापुद्र्यांची पोळी, खाऊ घालतोय. आणि 'घरचा आयवर' महिन्याभरापूर्वी 'गावाचे रखवाले' होता. सेहेचाळीस पोरं, काळी जॅकेटं, दंडावर लांडगा. जानेवारीत त्यांनी लिहिलं, "कोबी चिरायचाय", आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या तुर्काच्या दुकानाच्या काचा रस्त्यावर होत्या. आता म्हणतायत भाजू. याचा अर्थ लावायला शाळा पूर्ण करावी लागत नाही. मी तर नववीतच सोडली.

मी कंपनीकडे तक्रार केली. दोन तासांनी उत्तर आलं: "आम्ही मजकूर तपासला. तो स्वयंपाकाविषयी असून आमच्या नियमांत बसतो. आमची सेवा कशी वाटली? तारे द्या."

परत केली. परत तारे. असं चौदा वेळा. पंधराव्यांदा माझं डोकं सटकलं आणि मी त्या पोस्टखाली लिहिलं, "गाढवांनो, या तर खरं, तंगड्या मोडून हातात देते." चार मिनिटांत माझं खातं बंद. तीस दिवस. कारण: हिंसेची धमकी.

बाबा आणि मी पोलिसचौकीत गेलो तर साहेब फोन लांब धरून वाचत बसला. मग म्हणाला, "झेय्नेल, मी काय करू? मिरच्यांवर गुन्हा दाखल करू?"

"साहेब, फेब्रुवारीत मिरच्या कुठून आल्या?" मी विचारलं.

"सानिदा, आवाज खाली," बाबा म्हणाला.

घरी येताना तो म्हणाला, शनिवारी बंद ठेवू.

"बंद दुकान जास्त निवांत जळतं, बाबा."

 घरी पोचल्यावर तो बादल्या भरून ठेवायला लागला.

गुरुवारी दोब्रिला मावशी आली. समोरच राहते, रोज चीजचा बुरेक नेते आणि रोज तो कालच्यापेक्षा लहान आहे म्हणते. त्या दिवशी तिने फोन माझ्या नाकाला लावला.

"अगं, तुमच्या दारात शनिवारी फुकट आयवर वाटतायत आणि तू बोलत नाहीस? मला फोनने सांगितलं. म्हणतो, तुम्हाला आयवर आवडतो, तर हा ग्रुपही आवडेल."

कंपनीच्या यंत्राला खरंच वाटत होतं की तो स्वयंपाकाचा ग्रुप आहे. गावातल्या प्रत्येक बाईला ते बोलावत सुटलं होतं. सेहेचाळीसचे तीनशे बारा झाले होते. खाली बायकांचं भांडण पेटलं होतं, आयवरमध्ये वांगं घालायचं की नाही. एक रखवाला मधेच लिहीत होता, "बंधूंनो, तयार राहा." त्याला उत्तर आलं होतं, "तयार काय राहा, आधी सांग, लसूण घालणार का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. मावशी कुणाचं ऐकणारी नाही, पण फुकट बरणी सोडणारीही नाही.

"हो मावशी," मी म्हटलं. "बरण्या मोठ्या आणा. आणि लवकर या, संपेल."

शनिवारी साडेचारलाच रांग लागली. कुणाकडे दोन बरण्या, कुणाकडे लोणच्याची पाच लिटरची. फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांच्या फळीवरचा आयवर संपलेला असतो. बाबा दारात बादली घेऊन उभा, त्याला कळेना हसावं की पळावं.

पाच वाजता ते आले. वीसेक जण, काळ्या टोप्या तोंडावर ओढलेल्या, फक्त डोळे दिसतायत. रांग बघून थबकले.

"आले आचारी," मावशी म्हणाली. "तोंडं कशाला बांधलीत रे? अजून तर धूरही नाही."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"मिरच्या कुठायत?"

पुढचा एक जण घोगऱ्या आवाजात म्हणाला, "घरी जा, आजीबाई."

"आजीबाई कोणाला म्हणतोस?" मावशीने त्याचे बूट बघितले. "वुकोता? हे बूट नाताळात मीच, तुझ्या आजीने, घेतलेत तुला. टोपी काढ. नाक पुस. आणि हे काय, तेल आणलंस?"

तिने त्याच्या हातातला डबा ओढला आणि झाकण उघडून वास घेतला. मग माझ्या बापाकडे बघितलं, बेकरीकडे बघितलं, परत डब्याकडे. रांगेतही वास पोचला. रांग मागे सरकली, बरण्या एकमेकींवर आपटल्या.

मग मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे आयवर नाहीच?"

रखवाले एकेक करून निघाले. मला धावून जायचं होतं. बाबाने माझी कॉलर धरून ठेवली होती.

रात्री तो ग्रुप गायब झाला. एकशे ऐंशी बायकांनी तक्रार केली होती: आयवर देतो म्हणाले, दिला नाही. कंपनीने अकरा मिनिटांत बंद केला. ग्राहकांची फसवणूक. माणूस जाळणार म्हटलं की तारे द्या, बरणी रिकामी राहिली की अकरा मिनिटं. इथला एक माणूस नोकरीला ठेवा, म्हणावं. फार शिकलेला नको. फक्त मिरच्या कधी भाजतात एवढं माहीत असलेला.

सोमवारी मावशी बुरेक न्यायला आली.

"पोरं आहेत गं," ती म्हणाली. "थंडीत कंटाळतात."

"कंटाळले की लोक पत्ते खेळतात, मावशी."

तिने ऐकलं नसल्यासारखं केलं आणि फोन पुढे केला. "हे बघ, आज हे दाखवतोय." 'घरचा मुरांबा'. पुढच्या शनिवारी आलुबुखार उकळणार. बरण्या आणा.

मी फोन घेतला, तक्रारीची यादी उघडली. 'द्वेष' आणि 'हिंसा' सोडून खाली गेले. 'कबूल केलेला माल दिला नाही' वर बोट ठेवून फोन तिच्यापुढे धरला.

"दाबा."

"यात वुकोता असेल ना?"

"असेल."

मावशी बुरेकची पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी राहिली. बाबाने मळायचं थांबवलं होतं.

"मागच्या वेळी तीन बरण्या रिकाम्या न्याव्या लागल्या मला," ती शेवटी म्हणाली. "बर्फातून." आणि दाबलं.