अडतीस नंबरचा चिमटा

शनिवार, सात जून. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. इंडियाना राज्यातल्या केलर्टन गावाबाहेरचं गवताचं मैदान. आभाळ स्वच्छ, वारा नावालाच. त्या वेळी मी जमिनीपासून दोनशे फुटांवर होतो. पुढच्या नऊ सेकंदांत मी खाली आलो.

मी रिमोटवर उडणारं विमान बोलतोय. पिवळं, सहा फुटी पंखांचं. त्यातला उजवा आता मुळापासून गेलाय.

व्हर्लिन स्टोल्ट्झनं मला सदतीस वर्षांपूर्वी त्याच्या तळघरात घडवलं. अख्खा हिवाळा गेला. बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या पात्यानं कापायच्या, गोंद लावायचा, सुकेपर्यंत टाचण्यांनी दाबून ठेवायच्या. घाई केली की पंख पिळवटतो. त्याची बायको नोरीन कुरकुरायची, की या घरात विमानाला गरम खोली आहे आणि माणसं स्वयंपाकघरात कुडकुडताहेत.

तेव्हा आमच्या विमानवाल्यांच्या क्लबचे चौसष्ट सभासद होते. मैदानाच्या फाटकाजवळ एक फळी होती, तिच्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर रेडिओच्या वाहिनीचा नंबर. एका नंबरचा एकच चिमटा. तो आपल्या ट्रान्समीटरच्या, म्हणजे हातातल्या रिमोटच्या, काडीला लावल्याशिवाय चालू करायचं बटण दाबायचं नाही. कारण एकाच वाहिनीवर दोघांनी बटण दाबलं, तर वरचं विमान दोघांचंही ऐकतं आणि कुणाचंच उरत नाही. माझा नंबर अडतीस. दर शनिवारी त्या चिमट्यासाठी व्हर्लिन आणि ऑर्व्हल पेक यांची जुंपायची, कारण ऑर्व्हलचीही वाहिनी तीच.

या वर्षी सभासद अकरा होते. सगळ्यात तरुण एकसष्ट वर्षांचा.

लोक म्हणतात, पोरांना मोबाईल लागला म्हणून हा छंद मेला. हे सोयीचं उत्तर आहे. पोरं येत होती. त्यांना आधी नोंदणी करा म्हणून सांगितलं, मग परीक्षा द्या, मग विमानात जागा कळवणारं यंत्र बसवा. तोवर दुकानात डबा उघडताच आपलं आपण उडणारं ड्रोन मिळू लागलं. आणि मुख्य म्हणजे, उडवायचं कुठे? मैदानं एकेक करून घरांखाली गेली. आमच्या कुंपणापलीकडचं सोयाबीनचं शेत तीन वर्षांत नाहीसं झालं. दर वसंतात मी वर गेलो की छपरांची एक नवी रांग जवळ आलेली दिसायची. आधी रस्त्यापलीकडे, मग ओढ्यापर्यंत, मग थेट कुंपणाशी. खाली कुणी त्याबद्दल बोलत नसे.

एप्रिलमध्ये नगरपालिकेनं पत्र पाठवून बजावलं: जमीन आमची आहे, एक जरी अपघात झाला तरी भाडेकरार रद्द. व्हर्लिनला नोरीन गेल्यापासून शनिवारशिवाय दुसरा वार उरला नव्हता. त्यानं ते पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून उड्डाणाआधी माझा एकेक स्क्रू दोनदा तपासू लागला.

सात जूनला चिमटा त्याच्याकडेच होता. ऑर्व्हल हिवाळ्यात वारला. त्याच्या बायकोनं त्याचं सगळं सामान ड्वेन क्रेब्सला देऊन टाकलं होतं. ड्वेन उमदा, गप्पिष्ट माणूस. नवा ट्रान्समीटर वापरणारा. नवी यंत्रं मोकळी वाहिनी आपली आपण शोधतात, त्यांना चिमटे लागत नाहीत, त्यामुळे फळीकडे बघायची सवय मोडलेली. मैदानाच्या कडेच्या छपराखाली बसून त्यानं ऑर्व्हलचा जुना ट्रान्समीटर उघडला आणि बॅटरीत जीव आहे का बघायला बटण दाबलं.

माझ्या अंगातून व्हर्लिनचा हात निसटला. मी डावीकडे कलंडलो, पाठीवर झालो आणि कुंपणापलीकडच्या एका अंगणात जेवणाच्या टेबलावर आदळलो. टेबल दुभंगलं. घरची माणसं आतच होती.

ड्वेन धापा टाकत आला. व्हर्लिन माझे तुकडे गोळा करत होता.

"म्हाताऱ्या, मी चिमटा बघितला नाही रे."

"ते कळलं मला."

"मैदान गेलं माझ्यामुळे."

व्हर्लिन वाकून पुढचा तुकडा उचलत राहिला. ड्वेनला तेच जास्त लागलं असावं.

रविवारी सकाळी फाटकावर नगरपालिकेची नोटीस लागली: शनिवारच्या अपघातामुळे मैदान तातडीनं बंद. ड्वेननं सगळ्यांना फोन करून माफी मागितली. दोघांनी फोन उचललाच नाही.

सोमवारी व्हर्लिन क्लबच्या खुर्च्या न्यायला आला. मी त्याच्या ट्रकच्या हौद्यात पडून होतो. मैदानात लोखंडी कुंपणाचे खांब रोवणं चालू होतं. ड्वेनही आला होता. एका बाजूला, खिशात हात घालून उभा. मुकादमानं सही हवी म्हणून व्हर्लिनपुढे कागद धरला. व्हर्लिननं चष्मा लावला आणि बराच वेळ वाचलं.

"हे काम तुम्हाला कधी सांगितलं?"

"वर आहे ना, आजोबा. पाच तारीख."

"शनिवारी सात होती."

"मला विचारू नका. आम्ही खड्डे खणतो."

व्हर्लिननं ड्वेनला हाक मारली आणि कागदावर बोट ठेवलं. ड्वेननं दोनदा वाचलं आणि तिथेच हौद्याच्या कडेवर, माझ्या तुटक्या पंखाशेजारी बसला.

मला पुन्हा उडवा असं मी म्हणत नाही; माझ्यात आता दम नाही. पण मैदान खरंच त्याच्यामुळे गेलं का, याचं ड्वेनला कुणीतरी उत्तर द्या. कुंपणाचा हुकूम गुरुवारी, पाच जूनला, मी पडायच्या दोन दिवस आधीच निघाला होता. त्याखाली सही आहे. ती कुणाची, हे विचारायला व्हर्लिन नगरपालिकेत चारदा जाऊन आला; अजून कुणी सांगितलेलं नाही.